आवडत्या म्हाताऱ्या बँडचा नवा अल्बम पहिल्यांदा कसा ऐकायचा (आणि लगेच तोंड का उघडायचं नाही)

एकाच बँडला पंचवीस-तीस वर्षं धरून बसलेल्या माणसाची एक वेगळीच पंचाईत असते. नवा अल्बम येतोय म्हटलं की आनंद कमी आणि धाकधूक जास्त. माझा बँड रोलिंग स्टोन्स, त्यामुळे माझी पंचाईत अजूनच मोठी, कारण हे लोक १९६२ पासून वाजवतायत आणि स्वतः लिहिलेल्या नव्या गाण्यांचा अल्बम २००५ ला आला तो आला, त्यानंतरचा थेट २० ऑक्टोबर २०२३ ला, 'हॅकनी डायमंड्स'. मध्ये २०१६ ला एक आला होता पण तो सगळा दुसऱ्यांच्या जुन्या ब्लूज गाण्यांचा, तीन दिवसांत उरकलेला, भारी आहे पण तो मोजायचा नाही. म्हणजे अठरा वर्षं वाट बघितली. एवढी वाट बघितल्यावर माणूस नीट ऐकतो असं तुम्हाला वाटत असेल तर नाही हो, उलट अजिबात नीट ऐकत नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. २००५ चा 'अ बिगर बँग' मी पहिल्याच रात्री एका बैठकीत ऐकला, सोळा गाणी, चौसष्ट मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भेटेल त्याला सांगत सुटलो की संपले हे लोक, निम्मी गाणी भरताड आहेत. अशा थाटात सांगितलं की जणू मला कोणी विचारलंच होतं. दोनेक वर्षांनी कधीतरी त्यातलं 'बॅक ऑफ माय हँड' लागलं आणि मी हातातलं काम सोडून ऐकत बसलो, एवढं उघडंवाघडं ब्लूज, आणि त्यातली स्लाइड गिटार खुद्द मिक जॅगरने वाजवलीय हेही मला तेव्हा कळलं. तो अल्बम बनत होता तेव्हा ड्रमर चार्ली वॉट्सला घशाचा कॅन्सर झालेला, त्यामुळे गायक मिक आणि गिटारवाला कीथ रिचर्ड्स दोघंच समोरासमोर बसून बरंच काम करत होते, हे पण तेव्हाच वाचलं. तोपर्यंत माझं 'संपले हे लोक' चार जणांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं आणि ते मला अजून ऐकवतात.

म्हणून २०२३ ला ठरवलं की यावेळी पद्धतशीर ऐकायचं. खाली जे लिहितोय ते त्यातून आलंय. बँड तुमचा कुठलाही असू दे, मेटॅलिका, आयर्न मेडन, एसी/डीसी, द क्युअर, पद्धत तीच चालते, मी उदाहरणं स्टोन्सची देणार कारण मला तीच येतात.

पहिलं म्हणजे तयारी, आणि ती आदल्या दिवशी. बहुतेक लोक काय करतात, नवा अल्बम यायच्या आधी मूड बनवायला म्हणून बँडचा सगळ्यात भारी अल्बम लावतात. स्टोन्सवाले १९७२ चा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' लावतात. अहो नका करू हे. अठ्ठावीस वर्षांचा मिक ऐकून झोपायचं आणि सकाळी उठून ऐंशी वर्षांच्या मिककडून तेच मागायचं हा काय न्याय झाला? त्यात आपण 'एक्झाइल' ऐकत नसतोच, आपण तो पहिल्यांदा ऐकला तेव्हाचे आपण ऐकत असतो, ती खोली, तो टेप, तेव्हाचे मित्र. त्याच्याशी कुठलाच नवा अल्बम जिंकू शकत नाही, तो कितीही चांगला असला तरी. आदल्या दिवशी काही ऐकायचंच असेल तर बँडचा मागचा अल्बम ऐका, लगेच आधीचा, आवडो न आवडो. तिथून इथपर्यंत काय बदललं एवढंच विचारायचं, म्हणजे तुलना निदान शेजारच्याशी तरी होते.

आणि 'एक्झाइल'चा विषय निघालाच आहे तर, आज ज्याला लोक त्यांचं सर्वात मोठं काम म्हणतात त्याबद्दल तेव्हाच्या पहिल्या परीक्षणांमध्ये बरीच कुरकुर होती. गढूळ मिक्स, आवाज गाण्यात बुडालेला, लांबलचक, वगैरे. आता तेच गुण म्हणून सांगतात. दक्षिण फ्रान्समधल्या बंगल्याच्या तळघरात मोठा भाग रेकॉर्ड झाला होता आणि ते तळघर त्या गाण्यांत ऐकू येतं, पण ते कळायला लोकांना वेळ लागला. तेव्हा पहिल्या दिवशी तुम्हाला काय वाटलं याला फार डोक्यावर घेऊ नका, पण ते टाकूनही देऊ नका, कसं ते पुढे सांगतो.

सिंगलचं, म्हणजे अल्बमच्या आधी सुटं येतं त्या गाण्याचं, काय करायचं हा एक प्रश्न. 'अँग्री' हे पहिलं गाणं ६ सप्टेंबरला आलं, अल्बमच्या चव्वेचाळीस दिवस आधी. मी ठरवलं होतं ऐकायचं नाही, आणि त्याच दिवशी ऐकलं, ठीक आहे, माणूस आहे. पण मग झालं काय की अल्बम आला तेव्हा बारापैकी ते एकच गाणं मला ओळखीचं, आणि ओळखीचं ते चांगलं वाटतंच. रॉबर्ट झायोंक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हे दाखवलं होतं, नुसती पुन्हा पुन्हा गाठ पडली तरी ती गोष्ट आवडायला लागते, अर्थ बिर्थ काही लागत नाही. तर सिंगल ऐकलं असेल तर ऐकलं, पण पहिल्या दिवशी त्या गाण्याबद्दल काहीही मत लिहायचं नाही. त्याच्यापुढे फक्त 'आधी ऐकलंय' एवढं लिहायचं. नाहीतर बाकीची अकरा गाणी उगाच सावत्र ठरतात.

आता आवाजाचं. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या कानाची एक खोड आहे, आवाज कमी ठेवला की खालचे सूर आणि अगदी वरचे सूर आपल्याला जास्तच कमी ऐकू येतात, मधलेच तेवढे ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलंय. त्यामुळे तेच गाणं थोडं मोठ्याने लावलं की भरदार वाटतं आणि हळू लावलं की पोकळ वाटतं. आता गंमत बघा, नवीन अल्बम बहुतेकदा जुन्यापेक्षा मोठ्या आवाजात मास्टर केलेले असतात, म्हणजे गाण्यातला हळू भाग वर ओढून सगळंच एका उंचीवर आणलेलं. जुनं आणि नवं पाठोपाठ लावलं तर पहिले पाच मिनिटं नवं जास्त दमदार वाटतं आणि अर्ध्या तासाने कान थकतात, मग आपण म्हणतो की अल्बम पुढे पुढे पडतो. अल्बम पडत नाही, आपले कान पडतात! मेटॅलिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'चं तर हे फारच गाजलं, अल्बम इतका दाबून मास्टर केलेला की आवाज फाटतो अशी तक्रार, आणि तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी ऐकू येतात हे फॅन लोकांनीच शोधून काढलं. गाणी तीच, वाजवणारे तेच, फक्त शेवटची प्रक्रिया वेगळी.

म्हणून करायचं काय तर स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये आवाज समान ठेवायची सेटिंग असते ती चालू ठेवा, स्पॉटिफायवर ती साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे आवाजाची पातळी मोजायचं माप) सगळं आणून ठेवते, म्हणजे जुनं-नवं एका पातळीवर येतं. क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता त्यावर पुढचं चढवणं) बंद करा, शफल अर्थातच बंद, अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काहीतरी सुरू होतं ते पण बंद. हे शेवटचं विसरू नका. शेवटच्या गाण्यानंतरची शांतता पण अल्बमचाच भाग असते आणि त्यावर कुठलातरी भलताच बँड येऊन आदळला की सगळा रंग जातो. व्हॉल्यूम सुरुवातीला एकदा लावा आणि हात लावू नका. हेडफोन की स्पीकर, तर पहिल्यांदा ज्यावर तुम्ही रोज ऐकता त्यावरच. नवीन हेडफोन घेऊन नवीन अल्बम ऐकायचा नाही, कशाचं कौतुक करतोय तेच कळत नाही मग.

लांबीचं पण बघून घ्या. 'हॅकनी डायमंड्स' बारा गाणी, जेमतेम अठ्ठेचाळीस मिनिटं, एका बैठकीत होतो. पण मेटॅलिकाचा '७२ सीझन्स' पण बाराच गाण्यांचा आणि सत्त्याहत्तर मिनिटांचा, शेवटचं गाणं एकटंच अकरा मिनिटांच्या वर. आयर्न मेडनचा 'सेन्जुत्सु' तर ब्याऐंशी मिनिटांच्या आसपास आणि शेवटची तीन गाणी प्रत्येकी दहा मिनिटांपेक्षा मोठी. हे एका दमात ऐकून 'शेवट रेंगाळलाय' म्हणणं म्हणजे पोट भरल्यावर पुढच्या ताटाला नावं ठेवण्यातला प्रकार. 'एक्झाइल' सदुसष्ट मिनिटांचा आहे पण तो चार बाजूंवर होता, दर पंधरा-वीस मिनिटांनी माणूस उठायचा, रेकॉर्ड उलटायचा, कानाला उसंत मिळायची. तुम्ही पण तेच करा. तासाच्या वरचा अल्बम असेल तर स्वतःच त्याच्या बाजू पाडा, वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा, पाच मिनिटं काहीच ऐकू नका, मग पुढे.

आता मुख्य काम. वही घ्या, कागदाची. फोनमध्ये लिहायला गेलात की फोन बघत बसाल. त्यात फक्त एक ते बारा आकडे लिहून ठेवा, गाण्यांची नावंसुद्धा नकोत, कारण नाव वाचलं की डोकं आधीच अंदाज बांधतं. आणि मग नियम एकच, पहिल्या वेळी विशेषणं लिहायची नाहीत. भारी, बकवास, दमदार, थकलेलं, हे सगळे शब्द बंद. फक्त काय ऐकू आलं आणि आपण काय केलं ते लिहायचं. मी त्या दिवशी काय लिहिलं होतं ते तसंच देतो:

'४ – हा बेस कोणाचा? फाटका आवाज. सोलोच घेतला की बेसने. मी हसलो.'

'६ – संथ, कंट्री. वहीत रेघोट्या मारत होतो. काय गायला ते आठवत नाही.'

'७ – डिस्को?? पाय हलतोय. चार्ली नाही.'

'११ – बाईचा आवाज. संपलं. नाही संपलं!! हेडफोन काढला होता.'

'१२ – दोघंच.'

बघा, यात मत एकही नाही पण सगळं आहे. चारला मी हसलो म्हणजे हसलो, ते आता कोणी बदलू शकत नाही. नंतर कळलं तो बेस पॉल मॅकार्टनीचा, बीटल्सवाला, स्टोन्सच्या गाण्यात फझ लावून, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून, बेस बडवतोय. हे मला आधी माहीत असतं तर मी हसलो नसतो, मी इतिहास ऐकत बसलो असतो. आणि अकराव्या गाण्याचं तर सांगतोच, 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन', सात मिनिटांच्या वर आहे, पाचेक मिनिटांनी ते सगळं शिगेला पोहोचतं आणि थांबतं. मला वाटलं झालं. मी हेडफोन काढून वहीत लिहायला लागलो आणि टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज यायला लागला, आधी पियानो, मग बाई, लेडी गागा आहे ती, आणि सगळे परत हळूहळू गाण्यात येतायत, जणू स्टुडिओत कोणालाच थांबायचं नव्हतं. तो टेबलावरचा बारीक आवाज ही माझी त्या अल्बमची पहिली खरी आठवण आहे. तुमचा हेडफोन मात्र कानावरच राहू द्या.

सहाच्या रेघोट्यांकडे पण लक्ष ठेवा. जिथे लक्ष उडालं तेही लिहायचं, लाजायचं नाही. पण 'कंटाळवाणं' लिहायचं नाही, 'लक्ष उडालं' लिहायचं. पहिलं म्हणजे गाण्यावर शिक्का मारणं झालं, दुसरं म्हणजे आपल्याला काय झालं ते सांगणं झालं, आणि लक्ष उडायला गाणं सोडून शंभर कारणं असतात.

गाण्याचे शब्द पहिल्यांदा वाचू नका. कान जेवढे पकडतील तेवढे पकडू द्या.

दुसऱ्या फेरीला श्रेयनामावली उघडायची, आणि जुन्या बँडच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं असतं, कारण जुन्या बँडमध्ये माणसं गेलेली असतात. काही सोडून, काही कायमची. चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ ला गेला. जानेवारी १९६३ पासून तोच ड्रम्सवर. 'हॅकनी डायमंड्स'वर बहुतेक ठिकाणी स्टीव्ह जॉर्डन आहे, पण दोन गाणी चार्ली असताना आधी रेकॉर्ड झालेली, ती पण घेतलीत. हे मला माहीत होतं पण कुठली दोन ते मी मुद्दाम वाचलं नव्हतं, पहिल्या फेरीत ओळखायची असं ठरवलेलं.

चार्लीची एक सवय होती, जुने व्हिडिओ बघा म्हणजे दिसेल, स्नेअरवर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) मारताना तो हाय-हॅटवरचा (झांजांच्या जोडीवरचा) हात उचलायचा. बहुतेक ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात, हा नाही. त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला तिथे नुसती स्नेअर पडते, मागे एक बारीकशी फट राहते आणि सगळं गाणं किंचित श्वास घेतल्यासारखं चालतं. मी ती फट शोधत बसलो होतो. आठव्या गाण्यावर मी खात्रीने 'चार्ली' लिहिलं आणि ते बरोबर निघालं, 'लिव्ह बाय द स्वोर्ड'. त्यात बेसवर बिल वायमन, जो १९९३ मध्येच बँड सोडून गेलेला, म्हणजे जुनी जोडी एका गाण्यापुरती परत आलेली, पियानोवर एल्टन जॉन. आणि दुसरं? मी दोन नंबरवर 'चार्ली?' लिहिलं होतं, साफ चूक. खरं उत्तर सात होतं, 'मेस इट अप'. जिथे मी लिहिलंय 'डिस्को?? चार्ली नाही.'

आता याला काय म्हणायचं. स्टोन्सचंच 'मिस यू' १९७८ चं, त्यात सरळ चार ठोक्यांचा डिस्को कोणी वाजवला, चार्लीनेच. मी ते गाणं हजार वेळा ऐकलंय. पण माझ्या डोक्यातला चार्ली म्हणजे सूटबूटवाला जॅझचा माणूस, डिस्को दिसलं की हा नवा माणूस असं मी कान बंद करून ठरवून टाकलं. पाय हलतोय हे पण त्याच ओळीत लिहिलंय! पाय बरोबर होता, मी चूक. जुन्या फॅनची खरी गोची ही, की आपल्याला माहिती इतकी असते की ऐकायच्या आधीच उत्तर तयार असतं. म्हणून ही अंदाजाची खेळी जरूर करा, तुमच्या बँडमध्ये गिटारवाला बदलला असेल तर कुठला सोलो कोणाचा ते आधी लिहा आणि मग नावं बघा. डीप पर्पलच्या २०२४ च्या अल्बमवर स्टीव्ह मोर्सच्या जागी सायमन मॅकब्राइड आला, ज्युडास प्रीस्टमध्ये ग्लेन टिप्टन पार्किन्सनशी झगडतोय, अशा ठिकाणी आपण कानाने कमी आणि मनाने जास्त ऐकतो. चुकलात तर चुकलात, वहीत राहू द्या, खोडू नका.

नावं बघताना निर्मात्याचं नाव पण बघा. यावेळी अँड्र्यू वॉट. हा १९९० चा जन्म, म्हणजे तो जन्मला तेव्हा बँडला अठ्ठावीस वर्षं झाली होती. याने ऑझी ऑस्बॉर्न, इगी पॉप, पर्ल जॅम यांचेही अल्बम केलेत, आणि त्यातला एखादा लावून बघितलात तर कळेल की चकचकीत, पुढे आलेला, अंगावर येणारा जो आवाज आहे त्यातला बराचसा या माणसाचा आहे. मला पहिल्या फेरीत काहीतरी खटकत होतं, फार स्वच्छ वाटत होतं सगळं, आणि त्याचा राग मी मिक-कीथवर काढणार होतो. इगी पॉपचा २०२३ चा अल्बम दोन-तीन गाणी ऐकल्यावर लक्षात आलं की खटकतंय ते बँडचं नाही, रंगकाम दुसऱ्याचं आहे. ते आवडायलाच पाहिजे असं नाही, मला अजूनही थोडं कमी चमकदार चाललं असतं, पण निदान कोणाला बोलायचं ते तरी कळलं.

मग आवाज. गायकाचा आवाज हा सगळ्यात नाजूक विषय, इथे फॅन लोक एकतर डोळे झाकून 'अजून तसाच आहे' म्हणतात किंवा 'गेला' म्हणतात. दोन्ही आळशीपणा आहे. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होतोच, वरचे सूर जातात, श्वास तुटतो, आणि स्टुडिओत त्यावर भरपूर मदत मिळते, एकावर एक आवाज चढवतात, सूर सरळ करतात, कोरस जाड करतात. तेव्हा मोठ्या कोरसवरून काहीही ठरवू नका. अल्बममधलं सगळ्यात उघडं गाणं शोधा, जिथे वाद्यं कमीत कमी आहेत, आणि तिथे ऐका. इथे ते बारावं आहे. 'रोलिंग स्टोन ब्लूज'. ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या १९५० च्या ज्या गाण्यावरून बँडने आपलं नाव उचललं तेच गाणं, इतक्या वर्षांत स्वतः कधी रेकॉर्डवर घेतलं नव्हतं, ते इथे शेवटी. कीथची गिटार, मिकचा आवाज आणि हार्मोनिका, बस. तिथे कुठे लपायला जागाच नाही. शब्दांची टोकं ऐका, ओळीच्या शेवटी श्वास किती उरलाय ते ऐका, आणि हार्मोनिका ऐका, कारण हार्मोनिका पण श्वासच असतो. ऐंशीचा माणूस आहे हे कळतं, ते लपवलेलं नाहीये, आणि तरी दम आहे. मेडनच्या 'सेन्जुत्सु'मध्येही असंच बारकाईने ऐकायला पाहिजे, त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सनचा जिभेच्या मुळाशी असलेला कॅन्सर बरा झाल्यावर रेकॉर्ड झालेला तो पहिलाच अल्बम. असं काही माहीत असेल तर दुसऱ्या फेरीला ते डोक्यात ठेवून एकदा ऐका, दया म्हणून नाही, नेमकं काय बदललं ते पकडायला.

'सगळं सारखंच वाटतंय' या तक्रारीबद्दल एक. एसी/डीसीबद्दल हे कायम म्हणतात. २०२० चा 'पॉवर अप' आला तेव्हा पण म्हटलं. पण त्यातल्या सगळ्या गाण्यांवर अँगस आणि माल्कम यंग या भावांची नावं आहेत, माल्कम २०१७ ला गेला, मागे राहिलेल्या त्याच्या कल्पना वापरून अँगसने ती उभी केलीत. मग सारखं वाटणं हा तिथे दोष आहे का तोच उद्देश आहे, हे आधी ठरवा. उलट टोकाला द क्युअर, २०२४ चा 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', सोळा वर्षांनी आलेला, आणि पहिल्याच गाण्यात तीन मिनिटांच्या वर झाली तरी त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ गायलाच सुरुवात करत नाही. ज्याने तिथे पुढे ढकललं त्याने अल्बम ऐकलाच नाही. म्हणून अजून एक साधा नियम, पहिल्या फेरीत पुढे ढकलायचं नाही आणि मागेही न्यायचं नाही. एखादा तुकडा जाम आवडला तरी परत लावायचा नाही. वहीत वेळ लिहून ठेवा, नंतर बघा.

दोन फेऱ्या झाल्या की वही बंद. आता मध्ये दहा-पंधरा दिवस जाऊ द्या. अल्बमला हात लावायचाच नाही असं नाही म्हणत, पण रोज रोज रगडू नका, नाहीतर ते झायोंकवालं प्रकरण होतं, सगळंच आवडायला लागतं. या दिवसांत फक्त एक गोष्ट बघायची, न लावता कुठलं गाणं आपसूक तोंडात येतं. जिना चढताना, भांडी घासताना, कुठेतरी रांगेत उभं असताना. मला वाटलं होतं 'अँग्री' येईल, ती रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) आहेच तशी, कीथची नेहमीची चाल. नाही आलं. आठवड्याने मी काहीतरी गुणगुणत होतो आणि हे काय आहे ते मला दहा मिनिटं कळेना, जुनं काहीतरी असावं असं वाटत राहिलं. ते सहावं होतं. 'ड्रीमी स्काइज'. रेघोट्यावालं.

या मधल्या काळात कोणी विचारलं कसा आहे अल्बम तर काय सांगायचं, हा व्यावहारिक प्रश्न आहे कारण लोक विचारतातच, तुम्ही फॅन म्हणून प्रसिद्ध असता ना. तर आकडा सांगायचा. 'दोनदा ऐकलाय, चौथ्या गाण्याला हसलो, अकराव्याला फसलो, सहावं आठवत नाही.' एवढंच. लोक वैतागतात, म्हणतात अरे पण चांगला की वाईट ते सांग. नाही सांगायचं. २००५ ची माझी गत आठवा. पुढे या अल्बमला २०२५ च्या ग्रॅमीत सर्वोत्तम रॉक अल्बमचं बक्षीस पण मिळालं, त्याने माझ्या वहीत काही फरक पडला नाही, पडायचाही नाही.

मग पंधरा दिवसांनी तिसरी फेरी, तीच जागा, तोच व्हॉल्यूम, तोच हेडफोन, आणि वहीच्या त्याच पानावर, पण वेगळ्या शाईने. आता विशेषणं चालतील. जुन्या ओळी खोडायच्या नाहीत, शेजारी लिहायचं. माझ्या पानावर निळ्या शाईच्या 'काय गायला ते आठवत नाही' शेजारी लाल शाईत पूर्ण पहिलं कडवं लिहिलेलं आहे. चारच्या पुढे 'अजूनही हसलो'. दोनच्या पुढचा 'चार्ली?' तसाच आहे. आणि सातच्या पुढे, 'चार्ली नाही' याच्याखाली, मी फक्त तारीख टाकली आणि ते गाणं परत लावलं, यावेळी नियम मोडून, तीनदा.